घरामागची रांगोळी

आमच्या मालकांना दारातली रांगोळी कधी दिसलीच नाही. म्हणजे दिसायची, मोबाइलवर फोटो काढून स्टेटसला टाकायचे, अन् फोटो झाला की त्याच रांगोळीवरून चप्पल फरफटत शेतातली मोटर चालू करायला निघायचे. मी आतून ओरडायची, "डोळे फुटले का हो तुमचे?" ते मागे न बघता म्हणायचे, "उद्या पुन्हा काढायचीच हाय ना!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, तेवढ्या अंग चोरून कडेकडेनं जायच्या. रांगोळीवर पाय पडला तर पाप लागतं, हे त्यांचं ठाम मत.

मागच्या साली हळद शिजवून अंगणात वाळत घातली होती, तेव्हा मालक गेले. सकाळी छातीत कळ आली, औंढ्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. त्यांना घरी आणलं तेव्हा माणसं त्या हळदीवरूनच आत आली.

आमच्याकडे मयत जिथं ठेवलेलं असतं तिथं जमिनीवर पीठ पसरतात, शेजारी दिवा लावतात अन् पिठावर टोपली झाकतात. दुसऱ्या दिवशी टोपली उचलून बघायचं, पिठात काय उमटलंय. पाखराचं पाऊल, मुंगीची वाट, काहीही. त्यावरून गेलेला जीव कुठल्या जन्माला गेला ते कळतं म्हणे. टोपली आत्याबाईंनी स्वतः उचलली. पीठ जसंच्या तसं होतं, साधी रेघसुद्धा नव्हती. "माझं लेकरू कुठंच गेलं न्हाई गं, भटकून राहिलं," म्हणत त्या रडायला लागल्या, ते काही केल्या थांबेचना. रोज सकाळी उठून त्या जागेपाशी बसायच्या अन् फरशीवरून हात फिरवायच्या. जेवण सुटलं. मला राग यायचा. नवरा माझा गेला होता, अन् ह्या पिठाचं धरून बसल्या होत्या.

मयताच्या घरी वर्षभर दारात रांगोळी काढत नाहीत. दिवसाची कामं मी करत होते, पण सकाळची ती वेळ खायला उठायची. एकदा न राहवून घरामागे, न्हाणीच्या वाटेवर सारवून घेतलं, डब्यात उरलेली पूड काढली अन् ठिपके टाकायला बसले. चिमटीतून पूड सोडताना दुसरं काही मनात आणता येत नाही. आणलं की रेघ जाड होते, ठिपका निसटतो अन् सगळी नक्षी बिघडते. पहिल्या दिवशी तर कितीदा पुसली अन् कितीदा काढली! पण बोटं चालत होती तोवर श्वास बराबर येत होता. उठले तेव्हा लक्षात आलं, इतका वेळ आपण रडलोच नाही.

थोड्या दिवसांनी आत्याबाई मागच्या पायरीवर येऊन बसायला लागल्या. माझ्या बोटांकडे बघत राहायच्या, अन् बघता बघता त्यांचा हुंदका निवायचा. एकदा "तो ठिपका सुटला, माय," एवढंच म्हणाल्या. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून डोकावून विचारलं, "वरीस झालं न्हाई अन् रांगोळी काहून?" मी तोंड उघडायच्या आत आत्याबाईच कडाडल्या, "घरामागं हाय ती. तुला कोनं बोलावलं बघायला?" त्या दिवशी त्यांनी अर्धी भाकर खाल्ली.

एक गोष्ट मात्र मला सहन व्हायची नाही. दारातली रांगोळी कधी टिकली नव्हती. ऊन वर यायच्या आत चपलेनं तिची वाट लागलेली असायची. ही मागची संध्याकाळपर्यंत तशीच राहायची. आम्ही दोघी कडेनं जायचो, अन् तिसरं माणूस घरात नव्हतंच. वाळलेले कपडे काढायला गेले की ती समोर, सकाळी काढली तशी. एका संध्याकाळी मी तिथंच मटकन खाली बसले. "आत्याबाई, कुनी मोडतच न्हाई हो हिला. आता वरडू कुनावर?"

त्यांनीच कडेनं जाऊन उरलेले कपडे दोरीवरून काढले.

दुसऱ्या दिवशी रांगोळी पुरी करून मी हात झटकले. आत्याबाई पायरीवरून उठल्या. मला वाटलं, न्हाणीकडे निघाल्या, नेहमीसारख्या कडेनं जातील. त्या सरळ आल्या. लुगडं जरा वर धरलं अन् रांगोळीच्या मधोमध पाय टाकला. मग दुसरा. फरफटत, अगदी त्यांच्या पोरासारखा. पांढऱ्या पुडीत पावलं उमटली. पलीकडे जाऊन त्या माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"वरड," त्या म्हणाल्या. "वरड ना माय, माझ्यावर."

"डोळे फुटले का हो तुमचे?" मी ओरडले, अन् पुढे मला रडूच कोसळलं.

मागे न बघता त्या म्हणाल्या, "उद्या पुन्हा काढायचीच हाय ना."