पेटीवरच्या संत्र्याची निगेटिव्ह

सांगा भाऊ, विश्वास कोणावर ठेवावा? डोळ्यांवर, की निगेटिव्हवर?

पांढुर्ण्याला माझा छापखाना. ऐंशीच्या दशकात संत्र्यांच्या पेट्यांवरची लेबलं छापायची, तर आधी लेबलाएवढी मोठी निगेटिव्ह लागे. ती काढायचा आमचा मधुकर. वाया गेलेल्या फिल्मा आम्ही कपाटामागे टाकायचो. किस्सेही तिथंच साचत गेले.

पहिला माझाच. मी सातवी नापास, धंदा शिकलो ठोकरा खाऊन. नेम एकच: मोजल्याशिवाय माल घ्यायचा नाही! नागपूरहून कोऱ्या फिल्मचं पहिलं पाकीट आलं. मी अंगणात, भर उन्हात, एकेक फिल्म मोजून घेतली. पंचवीसच्या पंचवीस! मधुकर धावत आला.

"शेठ, ऊन लागलं का कोरी फिल्म वाया! आता पन्नास असत्या तरी काय फरक पडते!"

डार्करूममध्ये धूळ नको म्हणून चपला बाहेर, आत लाल बल्ब. एकदा दार उघडं होतं. जामसांवलीच्या मारुतीला निघालेल्या एका आजीबाईंनी ते पाहिलं, उंबऱ्यावर नारळ ठेवला, हात जोडले. हे देऊळ नाही, असं मी सांगायला निघालो, तर मधुकरनं मला मागं ओढलं.

"राहू द्या शेठ. फिल्मही चांगली निघन, खोबरंही भेटन!"

मग देवराव. सौंसरचे संत्र्यांचे बडे व्यापारी, आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. लेबलावर त्यांच्या वडिलांचा फोटो टाकायचा होता. निगेटिव्ह उजेडाला धरली अन् ओरडलेच, "अबे, माह्या बापाचं तोंड काळं केलं! फेटा कोळशावानी, मिशा पांढऱ्या!"

"छापून होऊ द्या जी, गोरे होतात ते," मधुकर म्हणाला.

"माहा बाप गोरा कधीच नव्हता!"

छापील लेबल हाती पडेपर्यंत देवराव मशीनपासून हलले नाहीत.

दशक सरता सरता त्यांचे जावई मुंबईहून आले. कम्प्युटरवाले! खिशातून फ्लॉपी काढली. "नवीन लेबल यात आहे. यावरूनच निगेटिव्ह काढा. जमत नसेल तर मुंबईला छापून घेऊ."

देवरावांनी नुसती मान डोलावली. जावयाचा शब्द मोडणार कसा! हे गिऱ्हाईक गेलं असतं तर माझं मशीन अर्धं वर्ष बंद, अन् मधुकर घरी.

नागपुरात एकाकडे फ्लॉपीवरून फिल्म काढायची सोय होती. मी स्वतः जाऊन आणली. उजेडाला धरली, तर गोल संत्र्याला पायऱ्या! चित्रच ठिपक्यांचं, मोठं करताच ठिपक्यांचे चौकोन झाले होते.

मधुकर म्हणाला, "शेठ, हे संत्रं हाय का विहीर?"

निगेटिव्हवरची बारीक भोकं बुजवायला आमच्याकडे तांबडा रंग असायचा. मधुकर काचेच्या टेबलाखाली दिवा लावून बसला. कुठं ब्रशनं रंग लाव, कुठं ब्लेडनं खरड. दोन दिवसांत त्यानं एकेक संत्रं गोल केलं.

लेबलं निघाली. जावईबापूंनी भिंग लावून पाहिली अन् छाती फुगवली. "पाहा मामाजी! हातानं येते का अशी सफाई?"

देवरावांनी मधुकरकडे पाहिलं. मधुकरनं तांबडी बोटं पाठीमागे घेतली.

"नाही जी, येत नाही," तो म्हणाला. "पुढच्या सालीही फ्लॉपीच पाठवजा. पण आमच्याकडेच!"