वन्संचा झोपाळा

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, तू पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखी का बसतेस?" मी विषय बदलला आणि तुमच्या आईने तुम्हाला गप्प केलं. पण प्रश्न बरोबर होता. उत्तर फोनवर नीट देता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे. मराठी वाचायला वेळ लागेल, तो लागू दे. अडलं तर आईला मोठ्याने वाचायला सांगा.

मला चक्कर येते. उन्हातून आल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, तशी नाही. माझ्याभोवती खोली फिरते. पंखा बंद असतो, पण पंख्यासकट छत उजवीकडे सरकत जातं. सरकून संपत नाही, पुन्हा पहिल्या जागेवरून सरकायला लागतं. डोळे मिटले तर आपणच पलंगासकट सरकतो. मग उलटी होते. मग घाम येतो. थोड्या वेळाने सगळं थांबतं आणि दिवसभर पायाखाली गादी अंथरल्यासारखी जमीन मऊ लागते.

पहिल्यांदा हे सातारच्या घरी झालं, सकाळी जाग येऊन कूस बदलली तेव्हा. तुमचे आजोबा जाऊन तेव्हा बराच काळ लोटला होता, मला एकटीने राहायची सवय झाली होती. मी पलंगाची कड धरून ठेवली आणि मनात म्हटलं, भूकंप असेल तर भांडी वाजतील. भांडी वाजली नाहीत.

त्यानंतर जो भेटला त्याने सांगितलं, पित्त आहे. आपल्याकडे डोकं दुखलं तरी पित्त, मन लागेनासं झालं तरी पित्त. शेजारच्यांनी मोरावळ्याची बरणी दिली. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या बाई उंब्रजकडच्या, त्यांनी माझ्या चतुर्थीला दोष दिला. "आवं बाई, उपास सोडा की आता. पोटात काय न्हाई म्हणून भोवंड येतीया. देव काय तुमचं जेवान मोजत बसलाय व्हय?" मीही महिनाभर आंबट-तिखट बंद केलं, आवळासुपारी चघळली. जन्मभर मुलींना इंग्रजी शिकवलं, शास्त्र म्हणजे काय ते सांगितलं, आणि छत फिरत होतं तरी इलाज पोटाचा करत राहिले. आमच्या घरांतून हे असंच चालतं.

शेवटी कानाच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, कानाच्या आत तोल सांभाळणारे बारीक खडे असतात, ते आपल्या जागेवरून सुटून भलतीकडे गेलेत. त्यांनी मला झटकन आडवं केलं, डोकं पलंगाच्या कडेखाली लोंबतं ठेवलं आणि हळूहळू एकेका बाजूला वळवलं. तेवढ्यात जग फिरलं आणि थांबलं. बरं वाटलं. "पुन्हा होईल का?" मी विचारलं. "होऊ शकतं," ते म्हणाले. पुन्हा झालं, आणि नंतर होतच राहिलं. कधी महिनोन्महिने काही नाही, कधी लागोपाठ.

माझ्या घरात प्रत्येक वस्तूला जागा आहे, हे तुमच्या आईला विचारा. कात्री कुठे, सुई कुठे, मी अंधारात सांगू शकते. कानातल्या खड्यांना मात्र ती शिस्त नाही. मग मी घरच त्यांच्या सोयीने लावलं. वरच्या फळीवरचे डबे ओट्यावर आणले, कारण मान वर केली की सुरू होतं. देव चौरंगावरून टेबलावर आले, कारण खाली वाकलं तरी सुरू होतं. रात्री उंच उशीला टेकून झोपायचं, कूस बदलायची नाही. कुणी हाक मारली तर मान न वळवता सगळं अंग वळवायचं. म्हणून मी पासपोर्टच्या फोटोसारखी दिसते. डोकं हलू द्यायचं नाही असं करता करता आतलंही बरंच हलेनासं झालं. पूर्वी भीती वाटायची. आता छत सरकू लागलं की मी ते नुसतं बघते, दारावरून कुणाची तरी वरात चालली असावी तसं.

एक दिवस सकाळी स्वयंपाकघरात पडले. लागलं नाही, पण उठता येईना. दाराला आतून कडी होती. बाई आल्या, त्यांनी घंटा वाजवली, मग दार वाजवलं.

"आवं बाई, जित्या हायसा न्हवं? हायसा तर वरडा की."

"आहे," मी फरशीवरून म्हटलं.

"मग दार उघडा."

"उठता येत नाही."

"आता गं बया. बरं, पडून ऱ्हावा तिथंच. कुटं जाऊ नगा."

कुठे जाणार होते मी. त्यांनी सुतार आणला, त्याने कडी उचकटली. संध्याकाळी तुमच्या आईचा फोन आला. ती रडली नाही, ओरडलीही नाही. म्हणाली, "आई, आता सांगली." सांगलीला तुमच्या आजोबांची मोठी बहीण राहते. तिला मी वन्सं म्हणते. तिचं घर तळमजल्यावर, सून दिवसभर घरात. वन्संनी कधीचं सांगून ठेवलं होतं की एक खोली रिकामी आहे. मी म्हटलं, आधी थोडे दिवस राहून बघते. जमलं नाही तर परत येईन आणि आतून कडी लावणार नाही, किल्ली बाईंकडे देईन. तुमची आई हो म्हणाली. माझं घर राहणार की जाणार, ते त्या थोड्या दिवसांवर ठरायचं होतं.

मी एसटीने गेले. पुढच्या बाकावर बसून समोर रस्त्याकडे बघत राहिलं की मला काही होत नाही. फक्त इस्लामपूरच्या स्टँडवर गाडी मागे घेतात तेव्हा डोळे मिटून घ्यावे लागतात.

वन्संच्या पुढच्या खोलीत झोपाळा आहे. होता. जाड सागवानी पाट, पितळी कड्या, पाठीला टेकायला लोड. सकाळचा चहा झाला की वन्सं त्यावर बसत आणि झोपेपर्यंत त्यांचा मुक्काम तिथेच. मेथी तिथेच निवडायची, जप तिथेच, दुपारची डुलकीही तिथेच. एक पाय जमिनीला टेकवून हलकासा रेटा द्यायचा, की कुईं असा आवाज येई. घरी कुणी आपलं माणूस आलं की त्याला शेजारी बसवायचं, हा त्या घराचा रिवाज. परक्याला खुर्ची.

मी खुर्चीवर बसले.

"खुर्चीवर वीजबिलवाला बसतो. इकडे ये."

"वन्सं, झोपाळ्यावर मला चक्कर येईल."

"झोपाळ्यावर तान्ही पोरं झोपतात, आणि तुला चक्कर येते?"

"माझ्या कानात—"

"पित्त आहे तुला. लग्न होऊन आलीस तेव्हापासून आहे. पण इंग्रजी शिकलेल्यांना पित्त कसं होईल? त्यांना सगळं कानात होतं."

सून स्वयंपाकघरात हसली. मीही हसले असेन. पण मी खुर्ची धरली ते वन्संना लागलं होतं, हे मला कळत होतं. जेवताना त्या मला 'तुम्ही घ्या' म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

मी रोज समोरच्या खुर्चीवर बसायची. वन्सं बोलत, झोके घेत. त्यांचा चेहरा जवळ येई, लांब जाई. माणूस बोलत असताना भिंतीकडे बघणं बरं दिसत नाही, म्हणून मी त्यांच्याकडेच बघत राहायची. एका दुपारी त्या माहेरच्या कुणाबद्दल सांगत होत्या, आणि त्या जवळ आल्या त्या परत लांब गेल्याच नाहीत. मागची भिंत सरकली. मला खुर्चीचा हात सापडला नाही. शुद्धीवर होते, सगळं ऐकू येत होतं. निवडलेल्या मेथीवर उलटी झाली.

"उशी काढ, उशी काढ," वन्सं सुनेला सांगत होत्या. "डोकं खाली घे तिचं, रक्त जाऊ दे डोक्यात." दोघींनी मिळून मला जमिनीवर सपाट निजवलं, मान मागे टाकून. ज्या अवस्थेत मी कधी झोपत नाही नेमकी ती. "उशी," मी म्हणत होते. "नको नको, उशी नाही देत," सून म्हणत होती आणि लिंबाचं पाणी पाजत होती. छत जात होतं, मी त्याला जाऊ दिलं.

संध्याकाळी वन्सं माझ्या खोलीत आल्या. पलंगाच्या कडेवर बसल्या.

"माझे झोके बघून होतं का?"

"हो."

"मग सांगायचंस की."

"सांगितलं होतं."

"कान कान करत होतीस. माझे झोके बघवत नाहीत म्हणाली असतीस तर कळलं असतं मला." उठताना म्हणाल्या, "मेथी फुकट गेली."

त्या रात्री माझं ठरलं. सकाळी चहाला सांगायचं: वन्सं, तुमचा त्रास नको आणि माझाही नको, मी सातारला जाते. वाक्यं मनात नीट लावली. पिशवीत पातळं घातली, औषधं वरच्या कप्प्यात ठेवली. कपडे करून बाहेर आले.

पुढच्या खोलीत शिडी लावलेली होती. एक मिस्त्री वर चढून कड्या काढत होता. पाट भिंतीला उभा करून ठेवला होता, लोड सुनेच्या काखेत होता. वन्सं एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्या मिस्त्रीला म्हणाल्या, "गच्चीवरच्या खोलीत ठेव. वर प्लास्टिक टाक." मग माझ्याकडे बघून, "उभी का? चहा घे."

मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. चहा घेतला. तयार केलेली वाक्यं तशीच राहिली. ती आता कुठे म्हणायची तेच कळेना. त्यांनी त्या एका पाटावर आयुष्य काढलं होतं. तो उतरवल्यावर मी पिशवी उचलून निघाले असते तर त्यांनी थांबवलं नसतं, तो परत टांगलाही नसता. मला बरं वाटलं की वाईट, हे त्या वेळी कळलं नाही, अजूनही सांगता येत नाही. चहात आलं जास्त झालं होतं, एवढं आठवतं.

सातारचं घर नंतर भाड्याने दिलं. तुमची आई आली होती तेव्हा दोघींनी मिळून आवरलं. बाईंना मोरावळ्याची बरणी दिली. त्या म्हणाल्या, "चतुर्थी तेवढी सोडा बरं का तिकडं." मी सोडली नाही.

चक्कर अजून येते. झोपाळा काढल्याने खडे जागेवर बसत नाहीत. पण समोर काही हलत नाही, एवढी सोय झाली. वन्सं माझ्या शेजारच्या खुर्चीत बसतात, मेथी निवडतात, मला पुन्हा अगं-तुगं करतात. त्यांचा एक पाय अजून जमिनीला रेटा देतो. खुर्ची जागची हलत नाही. मी त्या पायाकडे बघत नाही, समोरच्या भिंतीकडे बघते.

आपण फोनवर बोलतो तेव्हा मी त्याच खोलीत बसलेली असते. माझ्या डोक्यावर छताला चार लोखंडी आकडे दिसत असतील, त्यांना काही टांगलेलं नाही. ते त्या झोपाळ्याचे. तुम्ही त्यांच्याबद्दल अजून विचारलेलं नाही, पण विचाराल, म्हणून आधीच लिहून ठेवलं.