ते पाय कोणाचे

अकोल्याच्या माझ्या भागीदाराने मला फसवलं. आम्ही दोघांनी मिळून मोबाईलवरचा एक गेम केला. त्यातला कंडक्टर मी चालवला, आणि लोक आज श्रेय त्याला देतात. यात गैरसमज वगैरे काही नाही. फसवलं म्हणजे फसवलं.

गेम साधा आहे. एसटी खड्ड्यांतून चालली आहे, आत माणसं खच्चून भरली आहेत, आणि पुढचा थांबा यायच्या आत कंडक्टरने शेवटच्या सीटपर्यंत पोचून सगळ्यांना तिकिटं द्यायची. कल्पना दोघांची. प्रोग्रॅमिंग त्याचं, आणि ते त्याने चोख केलं, हे मी आजही नाकारत नाही. कंडक्टर मात्र माझा. माझे वडील अमरावती-अचलपूर गाडीवर कंडक्टर होते. कशालाही न धरता गाडीतून चालायचे. गुडघे सैल, डावी कंबर सीटच्या दांड्याला टेकलेली. गाडी कलली की तिच्याबरोबर कलायचे आणि त्याच झोकात पुढचं पाऊल टाकायचे. घरातही तसेच चालायचे. आई म्हणायची, "उतरा आता गाडीतून."

अ‍ॅनिमेशनमध्ये माणूस चालवायचा तर आधी स्वतः चालून बघावं लागतं. वडील तेव्हा राहिले नव्हते, त्यामुळे मीच चाललो. अमरावतीच्या माझ्या भाड्याच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या दोन रांगांत मांडायच्या आणि मधून डोलत जायचं. भागीदार अकोल्याहून यायचा आणि त्याच्या मोबाईलवर शूटिंग करायचा. मीच त्याला सांगितलं होतं, "चेहरा नको घेऊ, कमरेखालचंच घे." चेहरा दिसला की नजर तिकडे जाते आणि पाय चुकतात. या धंद्यातलं कोणीही हेच सांगेल.

"अबे, अजून एकदा चाल," तो म्हणायचा. "दारू पेलेला वाटून राहिला तू."

"कंडक्टर हाय बे तो. मोबाईल सरळ धर."

शेजारच्या काकू एकदा खिडकीतून बघून म्हणाल्या, "भाऊ, काई हरपलं काय? कवाचे इकून तिकून फिरून राहिले." आम्ही दोघं हसून खाली बसलो.

मी घासाघीस करणारा माणूस आहे. बियाण्यांच्या जाहिराती असोत की वरूडच्या संत्र्यांच्या पेट्यांवरची चित्रं, प्रत्येक काम मी भांडून मिळवलं आहे. मला कोणी हात धरून पुढे आणलं नाही. परक्या माणसाशी मी शब्दाशब्दावर अडतो. याच्याशी कधी अडलो नाही, कारण आम्ही एका डब्यात जेवलो होतो.

पुण्याच्या एका कंपनीने गेम घेतला. तो चालला. शेवटी नावं येतात त्यात अ‍ॅनिमेशन दिग्दर्शक म्हणून त्याचं नाव होतं. माझं नाव आभारांत, त्याचा साळा आणि डबेवाल्या मावशी यांच्या मधे. मी फोन लावला.

"काहून बे, माह्यं नाव तिथं कसं गेलं?"

"कंपनीनं टाकलं. मले इचारलं नाई."

"मंग त्याइले सांग."

"सांगतो ना भाऊ. तू एवढा तापतो काहून?"

मग मी खरंच तापलो. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने फोन ठेवला आणि त्यानंतर माझा फोन उचलला नाही. माझ्या हाताखाली चित्रं काढणारी दोन माणसंही हळूहळू अकोल्याला त्याच्याकडे गेली. राग अजून येतो, पण भांडायलासुद्धा समोर माणूस लागतो. भिंतीशी किती भांडणार?

दुपारी काम नसलं की मी तो गेम उघडतो. तिकिटं देत नाही. नुसता कंडक्टर मागपर्यंत चालवतो आणि परत पुढे आणतो. थांबा येतो, हरलात म्हणून अक्षरं येतात. मी पुन्हा सुरू करतो. घरात दुसरं कोणी चालत नाही.

मागच्या महिन्यात त्याने गेम कसा केला याचा व्हिडिओ टाकला. त्यात माझे पाय आहेत. माझी खोली, माझ्या खुर्च्या, कमरेखाली मी. हे पाय माझे आहेत असं तो कुठेही म्हणत नाही, तेवढा हुशार आहे. "या चालीवर खूप मेहनत केली" एवढंच म्हणतो. खाली कोणी लिहिलं आहे, सर, काय चालता तुम्ही! त्याला याने हात जोडून उत्तर दिलं आहे.

आता तो अमरावतीला येतोय. इथल्या एका कॉलेजात मुलांना हीच चाल शिकवणार आहे. एका ओळखीच्याने मला पोस्टर पाठवलं. खाली लिहिलं होतं, "तुमचे दोस्त येऊन राहिले, जाजा."

जाणार आहे. पहिल्या रांगेत बसणार आहे. मला हिस्सा नको, माफीही नको. तो व्हिडिओ लावेल तेव्हा मी उभा राहीन आणि थांबवायला लावीन. मग त्याने माईक हातात घेऊन, माझ्या वडिलांच्या गावातल्या त्या मुलांसमोर एवढंच सांगावं: पडद्यावरचे ते पाय कोणाचे आहेत? आणि सांगितल्याशिवाय त्याने मंचावरून उतरू नये.