आमच्या रेनाताच्या नावाची गोष्ट

एका भाचीच्या नावावरून किती किस्से व्हावेत! मी नांदेडात पार्लर चालवते. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, की विचारणारच, "ताई, ते रेनाता नाव कुठून काढलं हो?" मग माझी कात्री थांबते आणि तोंड सुरू होतं.

सुरुवातच सांगते. माझा भाऊ संतोष लातूरला असतो, मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे त्याचं. शिल्पावहिनीचे दिवस भरायच्या आधीच तिला दवाखान्यात न्यावं लागलं. पोरगी झाली, पण रडंना! आम्ही दाराबाहेर. आतून नुसती धावपळ ऐकू यायली. संतोष भिंतीला टेकून उभा, ओठ पांढरे पडलेले. मी त्याचा हात धरून ठेवला.

आणि मग एकदम टाहो! असला टाहो, की संतोष मटकन खालीच बसला.

केरळच्या लिसी सिस्टर बाळाला गुंडाळून बाहेर आल्या. डोळ्यांत पाणी, तोंडावर हसू. म्हणाल्या, "ये तो रेनाता है!"

आम्हाला वाटलं, त्यांच्या भाषेत मुलीला रेनाता म्हणत असतील.

"नहीं नहीं, नाम है. रे मतलब फिर से, नाता मतलब जन्मी हुई. लॅटिन है."

संतोष डोळे पुसत उठला. "लातूरचंच हाय? मग हेच ठेवू!"

*

बारसं कंधारला, आईच्या घरी. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा! पण आईला रेणुका पाहिजे होतं. माहूरच्या रेणुकादेवीला तसा नवस बोलून आली होती ती. दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मी म्हणलं, आई, ज्या बाईनं लेकरू वाचवलं तिचा शब्द कसा मोडू?

मी पाळण्यावर वाकले. बाळाच्या कानात म्हणायला लागले, "रेना..." तेवढ्यात मागून बायकांनी माझ्या पाठीत दणादण बुक्के घातले. रीतच आहे ती! पण आमच्या काकूचा हात म्हणजे हातोडा. माझ्या तोंडून निघालं, "...आई गं!"

आईनं पलीकडून हात जोडले. "रेणाई! अगं, रेणुकाआईचंच नाव की हे!"

आजतागायत आई तिला रेणाईच म्हणते. कुणी दुरुस्त करायचं धाडस केलं नाही.

*

संतोषच्या शेजारी कमलमावशी राहतात. नीटच्या क्लासच्या पोरांची मेस चालवतात. गल्लीत डब्यांची रांग लागते त्यांच्या दारात. त्यांनी नावाचा अर्थ विचारला. शिल्पा कौतुकानं म्हणाली, "पुन्हा जन्मलेली."

मावशींनी क्षणभर विचार केला. "म्हंजे रिपीटर!"

शिल्पाचा चेहरा पडला. मावशींनी लगेच तिची पाठ थोपटली. "आगं, वाईट काय त्यात? नीटला दुसऱ्यांदा बसणारी पोरंच लई नंबर काढत्यात!"

*

पहिला वाढदिवस. संतोषनं केकवाल्याला फोनवर नाव सांगितलं. केकवाल्याच्या दुकानात गिऱ्हाइकांचा गलका, मिक्सरचा आवाज. संध्याकाळी पाहुण्यांसमोर डबा उघडला. गुलाबी क्रीमवर झोकात लिहिलेलं, "हॅपी बर्थडे रे नाथा!"

संतोष फोनवर तावातावानं भांडायला लागला. केकवाला शांतपणे म्हणाला, "भाऊ, मला वाटलं तुम्ही लाडानं बोलायलेत!"

*

माझ्या पार्लरशेजारी सलीमचाचांचं शिलाईचं दुकान. उमरी गावातल्या एका लग्नासाठी त्यांनी पोरीला फ्रॉक शिवला. म्हणलं, नाव टाका त्यावर. चाचा म्हणाले, "बेटी, नाम बडा, फ्रॉक छोटी." तरी त्यांनी जमवलंच. पुढं 'रेना', मागं 'ता'!

लग्नात ती नुसती पळत होती. मागून बघणाऱ्या एका म्हातारीनं मला थांबवलं. "बाई, ह्या लेकराचं नाव 'ता' हाय? एवढ्यातच भागवलं व्हय?"

*

आणि हा किस्सा आता जूनमधला. रेनाताचा पहिलीतला पहिला दिवस. सोडायला मीच गेले होते, कारण शिल्पा रडली असती. मी वर्गाच्या खिडकीपाशी उभी. एवढ्याशा पोरीला एवढं अवघड नाव दिलं, पोरं हसतील का काय, म्हणून माझाच जीव खालीवर व्हायला लागला.

नवीन मॅडम एकेकाला उभं करून नाव नि अर्थ विचारत होत्या. हिची पाळी आली. ही ताठ उभी राहिली.

"रेनाता. म्हंजे पुन्हा जन्मलेली."

मॅडमना गंमत वाटली. "अरे वा! मग पहिल्यांदा कधी जन्मली होतीस गं?"

ही जराही अडखळली नाही.

"काय माहीत, मॅडम. तवा मी लई लहान होते!"