पाणी द्यायला एक तरी

बबलू, आईने मला झाशी स्टेशनवर पुण्याच्या मामाच्या हवाली केलं, तेव्हा तू तिच्या कडेवर पेंगत होतास. उन्हाची लू लागू नये म्हणून तिने माझ्या फ्रॉकच्या खिशात कांदा घातला होता. बाबा बबीन्याच्या छावणीतून रणगाड्यांबरोबर सीमेवर गेले होते आणि पेपरात रोज अणुबॉम्बची चर्चा. निरोपाला आलेल्या शेजारच्या मिश्राचाची म्हणाल्या, "अरे, कुछ नहीं होगा। बिटिया को काहे भेज रही हो?" आईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तिच्या डोक्यात हिरोशिमा बसलं होतं. बाबांना ट्रेनिंगमध्ये तिथली फिल्म दाखवली होती. बॉम्बनंतर काही घरांतलं एकही माणूस उरलं नाही, असं ते एकदा जेवताना बोलून गेले, आणि आईने नेमकं तेच धरलं. गाडी हलली तेव्हा ती मामाला म्हणाली, "सगळी एका जागी नकोत, दादा. मागे पाणी द्यायला एक तरी राहू दे. पोरीनं दिलं तरी पोचतं."

श्राद्ध मी पाहिलं होतं. पाणी कोणाला द्यायचं, ते मला समजलं. वाटेत कुठे पत्र्यावर ऊन चमकलं तरी बॉम्ब समजून मी डोळे गच्च मिटून घ्यायची.

पुण्यात मी 'भिंडी' म्हटलं की मामी "भेंडी गं!" करून हसायची. मीही हसायची, आणि मनात तुम्हाला मारून पुन्हा जिवंत करायची. तू फोनवर नुसता ओरडलास तरी जिवात जीव यायचा.

युद्ध झालं नाही. बाबा परतले, निवृत्तीनंतर झाशीतच राहिले. मला न्यायची गोष्ट निघाली की आई म्हणायची, "यंदा राहू दे." दरवर्षी यंदाच. काहीच झालं नाही, असं लोक म्हणतात तेव्हा मला राग येतो. आपलं घर तर फुटलंच ना?

एक जानेवारीला पेपरात कोपऱ्यात बातमी असते: दोन्ही देशांनी आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना दिल्या. त्यांच्यावर हल्ला करायचा नाही, असा करार आहे. यंदा मी ती आईला फोनवर वाचून दाखवली.

"त्यात झाशी आहे?"

"नाही गं. माणसांची गावं नसतात त्यात."

मग मी सांगितलं, की मला बँकेतून झाशीची बदली मिळतेय. ती रडायलाच लागली. "ये बाळा, ये."

बबलू, मी येतेय. इतक्या वर्षांनी घरी! नवरा म्हणाला, "मिनीच्या शाळेचं बबलूला बघायला सांग." माझ्या तोंडून निघून गेलं, "मिनी राहू दे इथेच, तुझ्याजवळ. शाळा कशाला बदलायची?" मिनी दुसरीत आहे. शाळेची सबब खोटी आहे, हे त्याच्याही लक्षात आलं असावं.

मला जिथे पोचायचंय आणि जिथे माझी मुलगी नको, ते माझं घर. मिनी सकाळपासून विचारतेय, मला का नेत नाहीस.