थैल्या बांधून खेळलेली कुस्ती

कतारगाममधल्या एका शेठच्या केबलवर मी वायरमन होतो. लाइन ओढायची, महिन्याचे पैसे गोळा करायचे आणि शेठने विचारलं की अंदाज सांगायचा. हे तिसरं काम कोणी मला दिलं नव्हतं, ते मीच अंगावर घेतलं होतं. क्रिकेटच्या सामन्याआधी किती घरं नवं कनेक्शन घेतील, हे मी दारातल्या चपला आणि टीव्हीवरचं कव्हर बघून सांगायचो, आणि ते बरंचसं बरोबर यायचं. शेठ चारचौघांत म्हणायचा की या पोराला माणसं कळतात. ते ऐकून मी फुगायचो.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती ती. एका रविवारी सकाळी अमेरिकेतली हेवीवेट बॉक्सिंगची मोठी लढत लाइव्ह दिसणार होती. तिकडे शनिवारची रात्र, इकडे रविवारची सकाळ. शेठने डोकं लढवलं. त्या सकाळी तेवढं चॅनल लाइनवरून काढून टाकायचं आणि लढत फक्त वाडीत, मोठ्या पडद्यावर, तिकीट लावून दाखवायची. सुरतेत लग्नाच्या हॉलला वाडी म्हणतात. हिरे घासणारी कॉलेजवयाची पोरं येणार याची त्याला खात्री होती, पण तेवढ्यांवर वाडीचं आणि पडद्याचं भाडं सुटत नव्हतं.

"तारा मराठी केटला आवशे?" त्याने मला विचारलं. तुझी मराठी माणसं किती येतील.

माझी माणसं म्हणजे कोसाडच्या आमच्या कॉलनीतली. सगळी खानदेशातून आलेली, बहुतेक सगळी मागाच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात कामाला. खरा अंदाज मला तिथेच आला होता. पाच-दहा पोरं येतील, बस. दोन अनोळखी माणसं एकमेकांना ठोसे मारतात हे बघायला आमच्याकडे कोणी पदरचे पैसे खर्च करणार नव्हतं. पण शेठ पुढे म्हणाला की वाडी भरली तर कोसाडची लाइन तुझ्या हातात देतो, तिथला तू मालक.

"दोनशे," मी म्हणालो.

घरी जाताना सायकलवर अमरोलीचा पूल ओलांडेपर्यंत त्या दोनशेचं काय करायचं ते मला सुचलं होतं. बॉक्सिंगला आमची माणसं येणार नाहीत, पण कुस्तीला येतील. आणि आबांनी सांगितलं तर नक्की येतील.

आबा म्हणजे माझे वडील. तरुणपणी गावोगावच्या जत्रांतल्या कुस्तीच्या दंगली त्यांनी मारलेल्या. सुरतेला येऊन माग चालवता चालवता गुडघे गेले, पण कॉलनीत त्यांना अजून पहिलवानच म्हणायचे. दरवर्षी गावाकडची माणसं त्यांना जत्रेच्या आखाड्यात पंच म्हणून बोलवायला यायची. पंच असले की कुस्त्या संपेपर्यंत ते कोणाचा चहासुद्धा घेत नसत. आमच्या घरात मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं. आबांचा कुस्तीतला शब्द, तेवढीच इस्टेट.

पोरं केबलवर अमेरिकन कुस्ती बघायची तेव्हा आबा तोंड फिरवून बसायचे. ती लुटुपुटीची, असं त्यांचं मत होतं आणि ते खरंच होतं. म्हणून मी जेवताना म्हणालो, "आबा, ही खरी आहे. निकाली. जगातले सगळ्यात मोठे दोन पहिलवान."

"कुस्तीच शे ना ती?"

"कुस्तीच. फक्त हातात थैल्या बांधतात."

आबांचा घास हातातच राहिला. "हातमा थैल्या बांधतस ते पकड कशी करतस?"

खरं सांगायला एवढी चांगली वेळ पुन्हा आली नसती. माझ्या तोंडून निघालं, "तेच तर कसब आहे."

ते त्यांना पटलं. नुसतं पटलं नाही, त्यांच्या मनात भरलं. दुसऱ्या दिवसापासून ते पाळी संपली की लंगडत घरोघरी जाऊ लागले. मी पैसे गोळा करायला जायचो तर माझ्या आधी त्यांचं सांगून झालेलं असायचं. "हातमा थैल्या बांधीसन पकड करतस. जनममा आशी कुस्ती देखेल नही मी." एकदा त्यांनी स्वतःच्या हातांना धान्याच्या रिकाम्या पिशव्या गुंडाळून शेजाऱ्याचा दंड धरून बघितला. धरता आला नाही म्हणून ते पोट धरून हसले आणि म्हणाले की ते पहिलवान म्हणजे काय चीज असतील. मी दारात उभा राहून हसलो. कॉलेजला जाणाऱ्या एकदोन पोरांनी सांगून पाहिलं की ही बॉक्सिंग आहे. पण पहिलवानापुढे पोरांचं कोण ऐकतंय.

त्या रविवारी कॉलनीतून टेम्पो भरभरून माणसं आली. काही रात्रपाळी करून, तोंडावर पाणी मारून, न झोपता आलेली. आबांनी ठेवणीतलं धोतर आणि टोपी घातली होती. बरोबर नारळ आणला होता. आखाड्यात कुस्तीआधी फोडतात तसा त्यांनी तो पडद्यासमोर फोडला आणि खोबऱ्याचे तुकडे पहिल्या रांगेत वाटले. मागच्या खुर्च्यांवरची हिऱ्याच्या कारखान्यातली पोरं एकमेकांना कोपराने ढोसत होती. दारात शेठने माझ्या पाठीवर थाप मारली. "तारी गणतरी साची पडी." माझा आकडा खरा ठरला होता. आणि मला, सांगायलाही लाज वाटते, त्या क्षणी आनंद झाला होता.

लढत सुरू झाली. पहिली काही मिनिटं ते दोघे नुसते गोल फिरत, लांबून हात टाकत होते. आबा मान मागे वळवून सांगत होते, अंदाज घेताहेत, सलामी झाली, आता भिडतील. मग ते खरोखर भिडले. ठोसे खाऊन दमलेले बॉक्सर एकमेकांच्या गळ्यात पडतात तसे पडले.

"आते लागनी जोड!" आबा खुर्चीवरून उठले. सगळी कॉलनी उठली.

आणि पांढऱ्या शर्टातल्या पंचाने मध्ये हात घालून दोघांना वेगळं केलं.

आबा थांबले. पुन्हा लढत, पुन्हा मिठी, पुन्हा पंचाने सोडवलं. कुस्ती जिथे सुरू व्हायची तिथेच तो माणूस ती तोडत होता. "सोडस काब्र त्यासले?" का सोडवतो त्यांना, असं आबा पडद्यावरच्या पंचाला विचारत होते. एक पंच दुसऱ्या पंचाला जाब विचारत होता. मागून हसू फुटलं. एक पोरगा मोठ्याने म्हणाला, "काका, आ कुस्ती नथी, मुक्काबाजी छे." सगळी वाडी हसली. आमची काही माणसंही हसली.

आबांनी मागे वळून मला शोधलं. मी भिंतीजवळ उभा होतो. त्यांची नजर येतेय हे दिसताच मी खाली वाकलो आणि वायरचा जॉइंट पिळायला लागलो. त्याला काही झालं नव्हतं. बऱ्याच वेळाने मान वर केली तेव्हा आबा समोर बघत होते, हात मांडीवर ठेवून.

लढत शेवटपर्यंत चालली. कोणी पडलं नाही. टेबलाशी बसलेल्या तिघांनी गुण दिले आणि पंचाने एका बॉक्सरचा हात वर केला. आमच्यातला एक म्हातारा उठून आबांसमोर आला. त्याचे डोळे जागरणाने लाल होते. "पहिलवान, कोणी पडनाच नही ते जिकना कसा?"

पोराने सांगितलं म्हणून मी बोललो, एवढं ते सहज म्हणू शकले असते. मी तर त्याचीच वाट बघत होतो, शिव्या खायची तयारी करून. आबा उठले. "मीच सांगेल व्हतं तुम्हले," ते म्हणाले. "चूक मनी शे."

मग ते दाराशी जाऊन उभे राहिले. लग्नात जेवण कमी पडलं की मुलीचा बाप मांडवाच्या तोंडाशी उभा राहतो, तसे. बाहेर पडणाऱ्या एकेका माणसासमोर हात जोडत होते, ज्यांनी हसून घेतलं त्यांच्यासमोरसुद्धा. शेठ सांगत होता की काकांना घरी सोडून ये. मी वायर गुंडाळत बसलो. सगळी वाडी रिकामी होईपर्यंत मला ती वायर पुरली.

शेठ शब्दाला जागला. कोसाडची लाइन माझी झाली. आबांनी त्या दिवसाबद्दल मला कधीही काही विचारलं नाही. त्यांनी एक वाकडा शब्द काढला असता तर मीही उलटं बोललो असतो, भांडलो असतो, आणि आम्ही दोघं मोकळे झालो असतो. ते जेवताना भाजी वाढ म्हणायचे, केबलचं कसं चाललंय विचारायचे. मला घरात बसवत नसे, म्हणून मी ऑफिसात बसून राहायचो.

जत्रेच्या आधी गावाकडची दोन माणसं नेहमीसारखी आली. मी घरीच होतो. त्यांनी सुपारी पुढे केली आणि पंच म्हणून यायचं बोलले. आबांनी सुपारी उचलली नाही.

"माले काय समजस कुस्तीमा," ते म्हणाले. "दुसरा कोणीतरी देखा."

पाहुण्यांना वाटलं पहिलवान मोठेपणा घेतोय. ते हसले, पुन्हा आग्रह केला. आबांनी सुपारी त्यांच्याकडे परत सरकवली. तेव्हा त्यांतला एक माझ्याकडे वळला. "तू तरी सांग रे भाऊ तुना बापले."

मी तोंड उघडलं. नेमकं काय सांगणार होतो ते मला आजही माहीत नाही. पण आबांनी मला बोलू दिलं नाही.

"त्याले काय इचारतस," ते म्हणाले, अगदी साध्या आवाजात. "त्यानं काम केबलनं शे."