दिराकडची चावी

चावीवाल्याने माझ्या गाडीच्या रिमोटचं फुटलेलं कवच उघडलं. शोरूमवाल्यांनी अख्खी चावी नवी घ्यायला सांगितली होती. याने स्वस्तातलं कवच चढवलं, सेल बदलला. तरी गाडी दाद देईना.

"ताई, कोडिंग नव्याने करावं लागेल. दुसरी चावी आणलीय ना? जी समोर नसेल ती कायमची बंद पडते."

दुसरी चावी माझ्या दिराकडे. दर रविवारी न विचारता गाडी नेतो, टाकी रिकामी करून आणतो, वर म्हणतो, "वहिनी, घरचीच तर आहे!"

माणसांना नाती आठवतात, म्हणून ती गप्प बसतात. गाडीला फक्त चावी आठवते.

"एकच आहे," मी म्हणाले.

उद्या रविवार. मी चहा घेऊन गॅलरीत बसणार आहे.